चरबीचा विटाळ

बी. ए.ला संस्कृत घेतलं तेव्हा पुढचं सगळं ठरलेलं होतं. शाळेत मास्तर व्हायचं. वडील माढ्याच्या शाळेत मास्तर होते, मी सोलापूरच्या हायस्कुलात होणार, एवढीच काय ती पिढीची प्रगती. पण पुण्याहून पदवी घेऊन मी परत येईतो वडील गेले, आई माढ्याचं बिऱ्हाड मोडून सोलापुरात दोन खोल्यांत आली, आणि गावातल्या एकाही शाळेला माझी गरज नव्हती. हेडमास्तर लोक खुर्ची द्यायचे, "वा, संस्कृत! देववाणी!" म्हणायचे, आणि चहा संपायच्या आत सांगायचे की देववाणी शिकवायला त्यांच्या मेहुण्याचा मुलगा आहेच, गणितवाला असतो तर बघितलं असतं. देववाणी गेली चुलीत!

संस्कृत मी हौसेनं घेतलं नव्हतं. ते वडिलांचं खूळ. आजोबांचं श्राद्ध झालं की दरवर्षी ते पाटावरून उठता उठता म्हणायचे, "भटजी काय म्हणाले ते भटजींना कळलं नाही, मला कळलं नाही, आणि ज्यांच्यासाठी म्हटलं ते तर बोलून चालून गेलेले. घरात एकाला तरी हे कळलं पाहिजे." तो एक म्हणजे मी. त्यांनी स्वतःच्या अंगावरचा कोट उसवेपर्यंत वापरला आणि मला पुण्याला ठेवलं. मला सांगितलेलं एकच होतं. "माझं श्राद्ध तू कर. मागे मागे घोकू नकोस. कळून म्हण."

पहिल्या वर्षी मी तसं केलं. भटजींच्या मागे न म्हणता त्यांच्या बरोबरीनं म्हटलं, दोन ठिकाणी त्यांचं चुकलं तिथे थांबलो. भटजींचं तोंड आंबट झालं. पण आई आतल्या दाराशी उभी होती, पदर डोळ्यांना लावून. संध्याकाळी म्हणाली, "आज त्यांना पोचलं रे." माझ्या पदवीचा झाला तेवढा उपयोग हाच. तो दरवर्षी एक दिवस होत राहिला असता तरी मला बाकी कशाची तक्रार नव्हती.

बाकीचे दिवस खायचं काय? तेव्हा मामा धावून आले. माझे मामा एका कापडगिरणीत हेडक्लार्क होते. जरीची किनार असलेली पगडी घालायचे आणि कुणालाही उपकार केल्यासारखी नोकरी सांगायचे. सुताला खळ चढवायच्या खात्यात साहेबाच्या हाताखाली माणूस हवा होता. साहेब विलायतेचा, त्याला इंग्रजी समजणारा, मजुरांना मराठीत सांगणारा कुणीतरी पाहिजे. मी म्हटलं, "मामा, मी कालिदास वाचलाय. खळीतलं मला काय कळतं?"

"कालिदास महिन्याला काही देतो का?" मामा म्हणाले. विषय संपला.

ताण्याचं सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर ते घासून तुटतं. घरी आपण धोतराला पेज लावतो, तसंच काहीतरी असेल अशी माझी कल्पना. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि ती कल्पना नाकातून मेंदूत जाऊन फुटली. मोठमोठ्या लाकडी हौदांत मैदा कालवून आठवडेच्या आठवडे आंबत ठेवलेला. त्यावर करडा फेस, फेसावर माश्या. पलीकडे खळीत घालायच्या पांढऱ्या मातीची पोती. आणि भिंतीशी ओळीनं पिंपं. एकाचं झाकण उघडलं होतं. आत पिवळट, घट्ट, काहीतरी थिजलेलं होतं, त्यात फावडं रुतवलेलं. मला वाटलं वंगण असेल. जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, धिप्पाड गडी, अक्कलकोटकडचा, त्यानं फावड्यानं एक ढेकूळ उचलून उकळत्या खळीत टाकलं. ते वितळलं आणि जो वास उठला तो मी आजही सांगू शकत नाही. मेलेलं जनावर आणि देवळातलं विझलेलं निरांजन एकत्र आलं तर येईल तसा.

"काय हे?"

"चरबी की ओ मास्तर. ह्याच्याबिगर सूत मऊ हुतंय व्हय?"

"कशाची?"

जॉबर हसला. "आता ते मेलेलं जनावर काय आपलं नाव सांगून पिंपात बसतंय? बोटीनं येतंय. बकऱ्याचं आसंल, बैलाचं आसंल. तुमी नाकानं वास घिऊ नगा, तोंडानं श्वास घ्या."

तोंडानं घेतला तर चव लागायची. मी बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकलो. आत मजूर खो खो हसत होते आणि त्यांचं काही चुकलं नाही. मी परत आत गेलो, कारण आईला दोन वेळा खायला घालणारं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. त्यानंतर मी रोज गेलो. चरबी वितळली की नाही हे बघायला बोट बुडवावं लागायचं, ते मी बुडवलं. नखांत ती जाऊन बसायची. जेवताना बोटं तोंडाशी आली की घास परत पानात पडायचा. शी! त्या चरबीचा मला जितका तिटकारा होता तितकाच माझ्या त्या बोटांचा.

आईचं सोवळं कडक. ती मला सांजचं दारातच थांबवायची, कपडे बाहेर काढायला लावायची, दोन घागरी अंगावर घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. "खळीतलं खरकटं असतं," म्हणायची. पिठाची पेज म्हणजे शिजलेलं अन्न, ते लागलेलं कोरं कापड म्हणजे खरकटं, अशी आमच्याकडची समजूत. गावातल्या सगळ्याच सोवळेकरी घरांत बाजारातून आणलेलं कोरं धोतर आधी विहिरीवर पिळून पिळून धुवायचं, खरकटं काढायचं, मग ते नेसून देवाला बसायचं. किती वर्षं हे चाललेलं! पिठाचा एवढा धसका, आणि पिठासोबत काय शिजतं ते कुणी विचारलेलंच नाही. मीही घरी बोललो नाही. आईनं विचारलं नाही.

मग गावात बोलवा उठली. कुठल्या गिरणीतल्या कुणी गड्यानं गुत्त्यात बडबड केली असेल. देवपूजेला म्हणून खास विकतात त्या धोतरांना गाईची चरबी असते, असं घरोघर झालं. धोतरावर देवळाच्या शिखराचं चित्र छापलेलं कागदी लेबल असायचं, ते फाडून लोक दुकानदारांच्या अंगावर टाकायला लागले. लगीनसराई तोंडावर आलेली. कापडाचे व्यापारी आमच्या गिरणीच्या मॅनेजराकडे धावले.

मॅनेजर आपलाच माणूस होता, गोड बोलणारा. मला बोलावून खुर्चीवर बसवलं. नोकरीत प्रथमच.

"तुम्ही ब्राह्मण. त्यातून संस्कृतचे पदवीधर. देवळात शास्त्री-पंडितांची बैठक ठेवलीय. चार श्लोक म्हणा आणि सांगा की आपण मैदा आणि खोबरेल वापरतो. तुमच्यासारख्याच्या तोंडून आलं की लोक ऐकतात."

तर असा माझ्या संस्कृतला शेवटी भाव आला! मामा बाहेर वाट बघत होते. "दोन वाक्यं. जीभ झिजत नाही. बढतीचं मी बघतो." सत्यासाठी प्राण द्यावा असं काही मनात नव्हतं. खोटं सांगायचं असंच ठरवून मी गेलो होतो, हे आधीच सांगतो, म्हणजे मला कुणी हरिश्चंद्र समजायला नको.

बैठक देवळाच्या मंडपात. पुढे व्यापारी, मॅनेजर, मामा. समोर लोडाला टेकून शास्त्री-पंडित मंडळी. त्यांच्यातले मोठे शास्त्रीबुवा, ज्यांच्या शब्दाखेरीज आमच्या आळीत मुंज हलत नसे, ते नमुन्याचं धोतर मांडीवर घेऊन बोटांनी चोळत होते. बाजूला तशा धोतरजोड्यांची चळत ठेवलेली. नमुने म्हणे! ज्याला त्याला एकेक जोडी मिळणार हे मंडपातल्या खांबांनाही कळत होतं.

"सूत सुरेख आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "लोण्यासारखं मऊ. हं, बोला. काय घालता ह्यात?"

मी तोंड उघडलं. श्लोक तयार होता. पण ते बोटांनी चोळत राहिले, मग तेच बोट नाकाशी नेलं, हुंगलं आणि डोळे मिटून मान हलवली, खीर चाखावी तशी. जे बोट मला माझ्या तोंडाजवळ सहन होत नव्हतं, ते हा माणूस असं मिटक्या मारत हुंगतोय!

"चरबी," मी म्हटलं. "ते मऊ लागतंय ना, ती चरबी. जनावराची. पिंपानं येते. मी रोज स्वतःच्या हातानं बघून घेतो."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला तो आवाज मला ऐकू आला. मॅनेजर उठून उभा राहिला. शास्त्रीबुवांनी धोतर खाली ठेवायला पाहिजे होतं. त्यांनी ठेवलं नाही.

त्यांनी शेजारच्यांशी कुजबुज केली. बराच वेळ पुस्तकांची नावं आली गेली. मी ऐकत होतो, मला कळत होतं, आणि त्यांतलं निम्मं त्यांनी तिथल्या तिथे जुळवलेलं होतं. मग निर्णय सांगितला. कापसाचं वस्त्र, त्याला काहीही लागलेलं असो, पाण्यानं धुतलं की शुद्ध. तेव्हा गिरणीच्या धोतराला दोष नाही, लोकांनी ते धुवून खुशाल वापरावं. परंतु जो मनुष्य, त्यातून ब्राह्मण, त्या पदार्थात रोज हात घालतो, तो आज धुवून उद्या पुन्हा घालणार. त्याला शुद्धी कशी? ते काम सोडून प्रायश्चित्त घेईपर्यंत त्याला देवकार्याचा आणि पितृकार्याचा अधिकार नाही. त्यानं पितरांना दिलेलं पाणी पितरांना पोचत नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी! धोतर शुद्ध आणि मी अशुद्ध. चळत वाटली गेली. शास्त्रीबुवांनी आपली जोडी काखेत घेतली, काठ नीट आहे ना ते उलगडून बघितलं, आणि जाताना माझा स्पर्श नको म्हणून पंचा सावरून, अंग चोरून गेले. मी मॅनेजर मला हाकलायची वाट बघत होतो. त्यानं माझी पाठ थोपटली! "बरं झालं बोललात. आता कुणी विचारायलाच नको. शास्त्रार्थ झाला." त्या हंगामात धोतरं पूर्वीपेक्षा जास्त खपली म्हणतात. थुंकावं म्हटलं तर मला जागा उरली नव्हती.

वडिलांचं श्राद्ध जवळ आलेलं होतं. मी आईला म्हटलं, "मी नोकरी सोडतो. प्रायश्चित्त घेतो. श्राद्ध मीच करणार."

आई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "आणि मग काय करणार?"

"शिकवण्या बघेन."

"बघितल्यास की वर्षभर. नोकरी सोडायची नाही. मी करमाळ्याला निरोप धाडलाय. पुतण्या येईल तो करील."

पुतण्या म्हणजे माझा चुलतभाऊ. करमाळ्याच्या बाजारात अडत्याकडे काम करायचा, भला माणूस, पण त्याला संध्यासुद्धा धड येत नव्हती. मी भांडलो. वडिलांचे शब्द आईला आठवून दिले. कोट आठवून दिला. ती तांदूळ निवडतच राहिली. शेवटी मी शास्त्रीबुवांकडे गेलो, पायरीखाली उभा राहिलो आणि म्हटलं, एक दिवस तरी. वडिलांची तशी इच्छा होती. ते ओटीवर बसलेले होते. नेसलेलं धोतर नवंकोरं, काठ मी ओळखला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. बरोबरच आहे. नियम त्यांच्या कमरेला गुंडाळलेला होता.

श्राद्धाच्या दिवशी मला अंगणात बसवलं. आत यायचं नाही, सोवळ्यात सावली पडायला नको. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. पाटावर बसलेले दोन्ही ब्राह्मण त्या वाटलेल्या जोड्या नेसून आलेले. धुतलेल्या, अर्थात. माझ्या हातची चरबी त्यांच्या मांड्यांना चालत होती, माझं पाणी माझ्या बापाला चालत नव्हतं. वड्यांचा, अळूच्या भाजीचा वास येत होता. ते सामान कुठल्या पगारातून आलं होतं हे कुणी विचारलं नाही.

चुलतभाऊ भटजींच्या मागे मागे म्हणत होता. घोकणंसुद्धा नव्हतं ते, नुसता तोंडाचा आवाज. एकेक शब्द तो चिरडत होता. तीनदा मी ओठ चावले. मग तिलोदकाची वेळ आली, ज्याला पाणी द्यायचं त्याचं नातं आणि गोत्र सांगायची. भटजींनी सांगितलं, "पितृव्य." चुलतभाऊ म्हणाला, "पितृव्य." काका. वडिलांच्या नावानं त्या दिवशी जे पाणी सुटलं ते कुणाच्या तरी काकाला. बाप म्हणून त्यांना तिथे कुणी हाक मारली नाही. मी अंगणातून ओरडलो, "पित्रे म्हणा! माझे वडील आहेत ते!"

"गप बसवा त्याला," आतून भटजी म्हणाले. चुलतभाऊ बिचारा घाबरून थांबला. आईनं दार लोटून घेतलं.

ब्राह्मण जेवले, ढेकर दिले, दक्षिणा घेऊन मागच्या दारानं गेले. चुलतभाऊ जेवून करमाळ्याची गाडी धरायला गेला, जाताना माझ्याकडे बघू शकला नाही. मग आई माझं पान घेऊन आली. अंगणात जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकून वरून वाढायला लागली. भात, वरण, वडा, खीर. तिच्या हातातला चमचा माझ्या पानाला लागत नव्हता.

"आता तूसुद्धा?" मी म्हटलं.

"आज मी सोवळ्यात आहे."

"आई, मी त्या मंडपात खरं बोललो. एवढंच केलं ना?"

तिचा हात थांबला. आणि तिला जो राग आला तसा मी आधी कधी बघितला नव्हता. वडील गेले तेव्हाही नाही.

"तुला खरं बोलायला कुणी सांगितलं होतं? चरबीचा वास बाईमाणसाला कळत नाही वाटतं? पहिल्या दिवशी दारात उभा राहिलास तेव्हाच कळला, कोऱ्या लुगड्याला येतो तोच. मामानं मला विचारूनच चिकटवलं होतं तुला तिथं. मी म्हटलं, असू दे, बोलायचं नाही. मी खरकटं खरकटं म्हणून तुला आंघोळ घालत होते ती कशासाठी? तू आंघोळ करून आत आलास की झालं, तुझ्या हातचं पाणी तुझ्या बापाला गेलं असतं. विटाळ होता कुठे? कुणी बोललं नव्हतं तोवर नव्हताच. चार माणसांत तोंडानं काढलास आणि केलास. आता तो कायमचा झाला."

म्हणजे वर्षानुवर्षं ती जे लुगडं विहिरीवर पिळून धुवत होती, त्यातलं काय धुतेय हे तिला ठाऊक होतं. शास्त्रीबुवांना हुंगताना काय हुंगतोय ते ठाऊक होतं. मामांना होतं, मॅनेजराला होतं, आळीतल्या निम्म्या घरांना असणार. गावात एकटा मीच असा, की मला वाटत होतं हे कुणाला ठाऊक नाही. मला सगळ्यांची किळस आली. त्यांत आईचीही आली, आणि आईची किळस येते आहे हे कळून माझीही आली.

"जेव," ती म्हणाली. "त्यांचं अन्न आहे. टाकू नये."

मी जेवलो. बोटांना वास होता, तरी जेवलो. घास घशात अडकला आणि ठसका लागला, तेव्हा ती धावत आत गेली, तांब्या घेऊन आली. मी ओंजळ पुढे केली. तिनं तांब्या उंच धरला आणि हात माझ्या हाताला लागू न देता वरून पाणी ओतलं. निम्मं पाणी जमिनीवर सांडत होतं. जे ओंजळीत आलं ते मी प्यालो.